ऐकल्याची पावती

क्लबात पाच जण होते आणि त्यांतल्या चौघांना पदं होती. फर्निचरवाले अध्यक्ष होते, पासपोर्टचे फोटो काढणारे उपाध्यक्ष, ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे सचिव, आणि अध्यक्षांचे मेव्हणे खजिनदार. क्लबाला खजिना नव्हता, पण मेव्हण्याला काहीतरी द्यावंच लागतं. उरलेला पाचवा नुसता सभासद होता, म्हणून सगळे त्याला सभासदच म्हणत. "सभासद आला का?" "सभासदाला ती पायमोडकी खुर्ची दे." वार्षिक सभेत अध्यक्ष "उपस्थित सर्व सभासदांचे आभार" मानत, तेव्हा तो एकटाच मान लववून ते स्वीकारत असे.

क्लबाचं काम म्हणजे दूरदूरची रेडिओ केंद्रं ऐकणं. आपण घरी गाणी लावून भाजी निवडतो, तसलं ऐकणं नव्हे. शॉर्टवेव्हच्या खरखरीत चिमटीने काटा फिरवत एखादं केंद्र शोधायचं, जितकं लांबचं तितकं चांगलं. तिथली भाषा कळायची गरज नसते. कळली तर उलट लक्ष विचलित होतं. कोण बोललं, काय वाजलं, आवाज कितपत स्वच्छ होता हे लिहायचं, आवाजाला पाचपैकी गुण द्यायचे आणि तो रिपोर्ट त्या केंद्राला पाठवायचा. केंद्राला पटलं की तिकडून एक रंगीत कार्ड येतं: अमुक माणसाने अमुक दिवशी आम्हाला ऐकलं, हे खरं आहे. सगळा खटाटोप त्या कार्डासाठी. कुठल्याशा देशात लष्कराने सत्ता हातात घेतल्याची घोषणा क्लबातल्या तिघांनी प्रत्यक्ष ऐकली होती. "बँडचं संगीत, पुरुष निवेदक, पाचपैकी चार," असं तिघांनीही लिहून पाठवलं. पुढे नव्या सरकारच्या शिक्क्याची कार्डं आली, तेव्हा अध्यक्षांनी सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं. जुन्या सरकारचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. जुन्या सरकारचं कार्ड अध्यक्षांकडे आधीपासून होतं.

अध्यक्षांची कार्डं भिंतीवर होती. दुकानाच्या वर त्यांचं घर, घराच्या वर रेडिओची खोली, आणि त्या खोलीच्या चारही भिंतींवर सागवानी चौकटी. चौकटी त्यांच्याच कारखान्यात बनत, त्यामुळे काही कार्डांना शोकेसच्या दाराएवढी चौकट मिळाली होती. अध्यक्ष "मी ते केंद्र ऐकलं" असं कधी म्हणत नसत. "ते माझ्याकडे आहे" असं म्हणत. अर्धं जग त्यांच्याकडे होतं. दोन महासागरांपलीकडचं एक चिमुकलं बेट तर त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा होतं. दर महिन्याला तिकडून कार्ड यायचं, कधी त्यासोबत कॅलेंडर, कधी छोटा झेंडा.

सभासदाला ते बेट हवं होतं. पहाटे उठून, गॅलरीत तार ताणून तो ते धरायचा प्रयत्न करी. पण त्याचा स्वभाव आड येई. जे ऐकू आलं तेवढंच तो लिही: "बाईचा आवाज असावा. मधे बराच वेळ काही समजलं नाही. घंटेसारखी धून, पण खात्री नाही. पाचपैकी दोन." असल्या रिपोर्टवर बेटाकडून एकदाच उत्तर आलं होतं, की आपले तपशील अपुरे आहेत. अध्यक्षांचे रिपोर्ट मात्र भरगच्च असत. त्यांत निवेदिकेच्या गोड आवाजाचं, कार्यक्रमांच्या दर्जाचं आणि बेटावरच्या जनतेचं कौतुक असे, आणि पाचपैकी पाच. कौतुकाला अपुरे तपशील कुणी म्हणत नाही.

पोटापाण्यासाठी सभासद श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करी. मागच्या खोलीत, भिंतींना गादीसारखं अस्तर लावलेली एक केबिन होती. गिऱ्हाइकाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा. नाही आला तर दाबू नका." एवढी साधी सूचना, पण पाळणारे थोडे. परीक्षा म्हटली की माणूस पास व्हायलाच बसतो. कुणी काचेतून सभासदाच्या हाताकडे बघून अंदाज बांधे, कुणी ठेक्यात बटण दाबत राही. मग सभासद मुद्दाम काही वेळ कुठलाच आवाज सोडत नसे. आतला माणूस तरी दाबतच असे, मान जराशी तिरकी करून, काहीतरी छान कानावर पडल्यासारखा हसत. ते हसू सभासदाला पाठ झालं होतं.

एका रविवारी सकाळच्या सभेत सचिवांनी जाहीर केलं की त्यांनी बेट पकडलं आहे, आणि रेकॉर्डिंगही आहे. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. खरखर सुरू झाली. सगळ्यांनी डोळे मिटले.

"बाई आहे," अध्यक्ष म्हणाले. "हवामान सांगतेय."

"मागे बासरी आहे," उपाध्यक्ष म्हणाले.

"दाजी म्हणतात ते बरोबर," खजिनदार म्हणाले. "बाईच आहे. वयस्कर नसावी."

सभासदाने कान टवकारले. त्याला खरखर ऐकू येत होती, आणि अधूनमधून एक टकटक. त्याने डोळे उघडले. समोर अध्यक्ष बसले होते, मान जराशी तिरकी, आणि चेहऱ्यावर केबिनमधलं ते हसू.

सभा संपल्यावर सचिवांनी त्याला जिन्यात गाठलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"चुकीचं रेकॉर्डिंग लागलं हो," ते हळूच म्हणाले. "बेटाचं नव्हतं ते. परवा गाडीत चुकून बटण दाबलं गेलं होतं, तेव्हाचं. बाहेर पाऊस चालू होता, आणि शिकाऊ बाईंनी इंडिकेटर तसाच चालू ठेवला होता."

"म्हणजे बाई होती."

"होती. पण ती घाबरून गप्प बसली होती."

"मग तिथंच सांगायचं."

"कसं सांगू? माझ्या लक्षात येईस्तोवर ते हवामानापर्यंत पोचले होते."

दोघांनीही कुणाला काही सांगितलं नाही. त्या रेकॉर्डिंगवरून अध्यक्षांनी सचिवांसाठी स्वतः रिपोर्ट तयार करून दिला, आणि यथावकाश बेटाचं कार्ड आलं. सचिवांनी ते ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर काचेखाली ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांची सून श्रवणयंत्रांच्या दुकानात आली. फर्निचरचं दुकान आता तीच चालवत होती. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती. तिने खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीचे सांधे हलवून पाहिले आणि मग बसली.

"भाऊ, काल आमच्या सासूबाई अडगळीच्या खोलीत अडकल्या," ती म्हणाली. "उशांच्या जुन्या खोळी काढायला गेल्या आणि बाहेरून कडी पडली. दुपारभर दार बडवत होत्या. पलीकडच्या टेलरने ऐकलं, तो धावत आला, तेव्हा सुटल्या."

"घरात कुणी नव्हतं?"

"मामंजी होते की. मधे एक भिंत. रेडिओसमोर बसले होते."

"हेडफोन लावले असतील."

"नाही. हेडफोन दुरुस्तीला दिलेत. स्पीकरवर ऐकत होते म्हणे. आम्ही विचारलं तर म्हणतात, मी महासागरापलीकडचं ऐकतोय आणि ही भिंतीपलीकडून बोंबलतेय, दोन्हीकडे कसं लक्ष देणार? ऐकू येत नाही का म्हटलं, तर भिंतीकडे बोट दाखवतात. इतक्या देशांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय की मला ऐकू येतं, तुम्ही कोण सांगणार?" तिने टेप गुंडाळली, पुन्हा सोडली. "आमच्या घरात एक माणूस ऐकत नाही, एवढं आम्हाला माहीत आहे. त्यांना ऐकू येत नाही की ते ऐकत नाहीत, तेवढं तुम्ही सांगा. मग कशाचा राग करायचा ते आम्ही ठरवू."

अध्यक्षांना तपासणीला या म्हटलं असतं तर ते आले नसते. म्हणून सभासदाने निरोप धाडला की दुकानात नवीन यंत्र आलंय, एखाद्या मुरलेल्या कानाने त्याची चाचणी घ्यावी अशी मालकांची इच्छा आहे. अध्यक्ष इस्त्रीचा कोट घालून आले. केबिनमध्ये बसताना त्यांनी अस्तर दाबून पाहिलं आणि फोम हलका आहे असं मत दिलं.

सभासदाने आवाज सोडायला सुरुवात केली. अध्यक्ष बटण दाबू लागले. मोठ्या खर्जातल्या आवाजांना बरोबर दाबत होते, पण आवाज जसजसे बारीक आणि उंच होत गेले तसतसं त्यांचं दाबणं आपल्याच तालावर चालू लागलं. सभासदाने सगळं बंद केलं आणि हाताची घडी घालून बसला. आत अध्यक्ष हसऱ्या चेहऱ्याने बटण दाबत होते. मधेच त्यांनी काचेतून त्याला अंगठा दाखवला.

आलेख समोर ठेवला तेव्हा ते खुर्चीत रेलून म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. मालकांना सांग, मी पास केलं."

सभासद त्यांच्यासमोर सरकून बसला, ओठ दिसतील असा, आणि सावकाश म्हणाला, "साहेब, उजव्या कानाने तुम्हाला फार थोडं ऐकू येतं. डावा बरा आहे, पण बायकांचं बोलणं, पाखरं, फोनची रिंग, यांतलं बरंच हुकत असणार."

"तुझं यंत्र बिघडलंय."

"शेवटी शेवटी मी आवाज सोडतच नव्हतो, साहेब. तुम्ही दाबत होता."

 अध्यक्षांनी कोटाची बाही झटकली, आलेखाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"सूनबाईने पाठवलं ना तुला माझ्या मागे?"

"त्यांना काळजी वाटते."

"तिला सांगणार आहेस?"

"विचारलं तर सांगावं लागेल."

"हे बघ," अध्यक्ष आवाज खाली आणत म्हणाले. त्यांचा खाली आणलेला आवाज बाहेरच्या काउंटरवर नीट ऐकू जात होता. "कितीतरी दिवस मनात होतं. क्लबाचा पसारा वाढलाय. मला एकट्याला झेपत नाही. कार्याध्यक्ष हे पद रिकामं आहे."

"असं पद आहे आपल्याकडे?"

"आजपासून आहे."

सभासद काही फार लोभी माणूस नव्हता. पण मोडक्या पायाच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला पद म्हणजे काय वाटतं, हे सरळ पायाच्या खुर्चीत बसणाऱ्याला समजायचं नाही. संध्याकाळी सुनेचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "वयोमानाने थोडं कमी झालंय. लक्ष ठेवायला हवं."

"कोण ठेवणार?"

"आम्ही आहोत ना, क्लबातले."

 पलीकडून "बरं" एवढंच आलं. रविवारी ठराव झाला. क्लबात आता साधा सभासद एकही उरला नाही, तरी हाक मारताना सगळे त्याला सभासदच म्हणत राहिले. कार्याध्यक्ष म्हणायला तोंड फार उघडावं लागतं.

आणि मग बेटाकडून ती बातमी आली. केंद्राने अध्यक्षांना वर्षाचा सर्वोत्तम श्रोता म्हणून निवडलं होतं. मानपत्र मागाहून येणार होतं. त्याआधी केंद्राची निवेदिका त्यांना फोन करून, थेट कार्यक्रमातच, त्यांची मुलाखत घेणार होती.

उपाध्यक्षांनी अध्यक्षांचा टाय बांधलेला फोटो काढला. खजिनदारांनी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगितलं. अध्यक्षांनी सभासदाला बाजूला घेतलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"फोनवर मला जमत नाही," ते म्हणाले. "समोर माणूस असला की निभावतं. फोनला तोंड नसतं रे."

उपाय सभासदानेच काढला. फोन स्पीकरवर ठेवायचा. खाली फर्निचरच्या दुकानात सवलती लिहायचा पांढरा फळा होता, तो वर आणायचा. सभासद समोर उभा राहून निवेदिकेचा प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहील, अध्यक्ष वाचून उत्तर देतील. फळ्यावरचं "गाद्यांवर खास सूट" पुसायला बराच वेळ लागला, आणि तरी "खास" थोडंसं राहिलंच.

ठरलेल्या संध्याकाळी खोली भरली होती. क्लब होता, कारखान्यातले सुतार होते, दोन शेजारी होते. सासूबाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या आणि सून त्यांच्यामागे उभी होती. फोन वाजला. वाजला हे अध्यक्षांना खजिनदारांच्या कोपरामुळे कळलं.

निवेदिका इंग्रजीत बोलत होती, आणि उत्साहाने बोलत होती. सभासदाने लिहिलं: "छंद कसा लागला?" अध्यक्षांनी आपल्या लहानपणाबद्दल सांगितलं. ते अजून लहानच होते तेवढ्यात तिने पुढचा प्रश्न टाकला, कारण लाइनवर आवाज उशिरा पोचत होता आणि तिच्यासमोर बहुतेक प्रश्नांचा कागद होता. "आवडता कार्यक्रम?" सभासदाने लिहिलं. "हवामान," अध्यक्ष म्हणाले. "बाई फार छान सांगतात." तोवर तिने त्यांच्या कुटुंबात कोण कोण आहे ते विचारलं होतं, त्यामुळे हे उत्तर त्या प्रश्नाला गेलं, आणि ती म्हणाली, वा, किती सुंदर. दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हती, म्हणून मुलाखत उत्तम चालली होती. सुतार माना डोलावत होते.

मग ती म्हणाली, "शेवटचा प्रश्न. तुम्हाला माहीतच आहे, आम्ही शॉर्टवेव्हचं प्रक्षेपण मागच्या वर्षी बंद केलं. टॉवरसुद्धा उतरवला. आता आम्ही फक्त इंटरनेटवर आहोत. तरी तुमचे रिपोर्ट न चुकता येतात. तर मग आम्हाला तुम्ही कशावर ऐकता, कॉम्प्युटरवर की मोबाइलवर?"

सभासदाचा हात फळ्यावर थांबला.

त्याला आधी अध्यक्ष आठवायला हवे होते, पण आठवली ती त्याची स्वतःची गॅलरी. मागच्याच आठवड्यातली पहाट. खरखरीत खोल कुठेतरी एक बाई बोलत होती, मग घंटेसारखी धून आली होती. त्याने श्वास रोखून ती ऐकली होती. पाचपैकी दोन गुण दिले होते, आणि ते देताना आपण किती प्रामाणिक आहोत याचा त्याला केवढा अभिमान वाटला होता. रविवारी त्याने सगळ्यांना सांगितलंही होतं. हवेत काही नव्हतंच, आणि त्याने त्याला मोजून मापून दोन गुण दिले होते.

अध्यक्ष भुवया उंचावून फळ्याकडे बघत होते. सभासदाने खडूसारखा पेन आवळला आणि लिहिलं: "आमच्यासाठी काही संदेश?"

अध्यक्ष ताठ झाले. "आवाज एक नंबर येतो," ते फोनवर खणखणीत इंग्रजीत म्हणाले. "जणू शेजारच्या खोलीतून बोलताय. काही म्हणजे काही बदलू नका."

 पलीकडे निवेदिका हसू लागली, आणि बराच वेळ हसत राहिली. आमचा सर्वोत्तम श्रोता विनोदीसुद्धा आहे, असं ती म्हणाली आणि तिने गाणं लावलं. खोलीत टाळ्या पडल्या. तिचे उच्चार फारसे कुणाला उमगले नव्हते. ज्यांना उमगले असतील तेही टाळ्या वाजवत होते. उपाध्यक्षांनी फोटो काढले.

"काय म्हणाली गं शेवटी?" सासूबाईंनी सुनेला विचारलं.

परदेशातल्या बिजागरीवाल्यांशी आणि फोमवाल्यांशी सून रोजच फोनवर भांडत असे. तिला शब्दन् शब्द कळला होता. "टॉवर उतरवला म्हणाली," ती म्हणाली. ती सभासदाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सभासद दुकान उघडायला गेला, तेव्हा सून पायरीवर उभीच होती.

"भाऊ, फळ्यावर तुम्ही भलतंच लिहिलंत."

"एवढ्या लोकांसमोर साहेबांची अब्रू गेली असती."

"त्यांची का तुमची? मामंजी रात्री सांगत होते, कार्याध्यक्षांनीही परवा तेच केंद्र पकडलं, म्हणजे एकाला दोन साक्षीदार."

सभासद शटरची कडी उगाच पुन्हा पुन्हा वर करत राहिला. मग आत गेला, खणातून आलेख काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो उभ्या उभ्या वाचला. कशाचा राग करायचा ते तिला कळलं असावं, पण तिने तो तेव्हा केला नाही.

"यंत्रासाठी त्यांच्या कानाचा साचा कधी घेता?" तिने विचारलं.

ती गेल्यावर सभासदाने दुकानातल्या दुसऱ्या कारागिराला बोलावलं आणि स्वतः केबिनमध्ये जाऊन बसला. नीट तपास म्हणाला, लबाडी करायची संधी देऊ नकोस. आलेख आला तो सरळ रेषेसारखा. कान उत्तम होते, तरण्या माणसाचे असावेत तसे. हे जास्त वाईट होतं. कानाचा दोष असता तर त्याला यंत्र मिळालं असतं.

अध्यक्षांना तयार कसं करायचं हा प्रश्न होता. सून म्हणाली, त्यांच्याकडे रोगी म्हणून बघू नका, गिऱ्हाईक म्हणून बघा, माल विकायचाय असं समजून. ते स्वतः तेच करत आले. म्हणून सभासदाने यंत्र मखमली डबीत घालून त्यांच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं, "साहेब, हा नवा रिसिव्हर आहे. कानातच बसतो. सोळा चॅनल."

"सोळा?"

"सोळा."

"बनावट बाहेरच्या देशाची?"

"बाहेरची."

अध्यक्षांनी डबीचं झाकण उघडझाप करून पाहिलं. बिजागरी त्यांना आवडली. "बसव," ते म्हणाले.

कानात साच्यासाठी मऊ लगदा भरला, तो वाळला, काही दिवसांनी यंत्र आलं. चालू केलं तेव्हा अध्यक्ष दचकून छताकडे बघू लागले.

"हे काय वाजतंय?"

"पंखा."

"तो असा वाजतो?" ते म्हणाले, आणि थांबले. "आणि मी? मी असा बोलतो?"

"हो."

"एवढ्या मोठ्याने?"

 अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला, तो उलगडताना झालेली कुजबुज ऐकली आणि पुन्हा घडी केली. त्यानंतर ते इतक्या हळू बोलू लागले की घरच्यांना "काय?" म्हणून विचारावं लागे.

क्लबात मात्र विपरीत झालं. पुढच्या सभेला अध्यक्ष यंत्र घालून आले. उपाध्यक्षांनी एका वाळवंटी देशाचं रेकॉर्डिंग आणलं होतं. सगळ्यांनी डोळे मिटले, फक्त अध्यक्षांनी उघडे ठेवले.

"ही खरखर आहे," ते म्हणाले.

"मागे प्रार्थना चाललीय, दाजी," खजिनदार म्हणाले. "पुरुष आहे. भारदस्त."

"कुठाय पुरुष? नुसती खरखर आहे. आणि कुणीतरी नाक ओढतंय."

नाक उपाध्यक्ष ओढत होते. सभेत अस्वस्थता पसरली. अध्यक्ष पाणी प्यायला खाली गेले तेवढ्यात खजिनदार कळवळून म्हणाले, "त्या यंत्राने दाजींचे कान बिघडवले हो. इतका तयार कान होता." सगळ्यांना ते पटलं. अध्यक्ष परत आल्यावर त्यांच्या कानांच्या रक्षणासाठी सभेच्या वेळात यंत्र काढून ठेवावं असा ठराव मांडला गेला. अनुमोदन कार्याध्यक्षांनी दिलं. अध्यक्षांनी जरा विचार केला, भिंतींवरून एक नजर फिरवली आणि यंत्र डबीत ठेवलं. रेकॉर्डिंग पुन्हा लावल्यावर त्यांना प्रार्थना ऐकू आली. पाचपैकी पाच.

काही आठवड्यांनी सासूबाई श्रवणयंत्रांच्या दुकानात आल्या. एकट्याच आल्या होत्या. बसल्यावर त्यांनी आधी मागे कुणी नाही ना बघितलं.

"यंत्र नीट चालतंय ना, काकू?" सभासदाने विचारलं.

"चालतंय रे बाबा, तेच सांगायला आले. ते सगळं ऐकतात आता."

"मग चांगलंच झालं."

"तुझं चांगलं झालं. माझं काय?" त्या पुढे वाकल्या. "इतकी वर्षं मी स्वयंपाकघरात मनातलं मोठ्याने बोलत आले. त्यांच्यासमोर बसून बहिणीला फोनवर त्यांच्याबद्दल काय वाट्टेल ते सांगायचे. ते आपले मान डोलवायचे. आमचा संसार चांगला चालला होता. आता भांडी लावताना तोंडातल्या तोंडात एक शब्द काढायची सोय नाही. लगेच बाहेरून आवाज येतो."

"काय म्हणतात?"

"काही नाही. 'ऐकलं', एवढंच म्हणतात. दर वेळी. 'ऐकलं.' पुढे भांडतील तर तेही नाही. मी आता दिवसभर गप्प असते. डोकं दुखतं."

सभासदाला हसू आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून त्याने ते गिळलं. "आवाज कमी करून देऊ का थोडा? पण मग तुमचं बोलणं त्यांना ऐकू येणार नाही."

"मी दुसरं काय सांगतेय?"

"सूनबाई मला फाडून खातील, काकू."

त्यांनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला.  मग म्हणाल्या, "रविवारी सकाळी काढून ठेवतात ना ते? तुमच्या सभेत ठराव झालाय म्हणे."

"झालाय."

"ठराव ते मोडत नाहीत. जन्मात कधी मोडला नाही. तो रोज संध्याकाळचा करता येईल का? जेवणं होईपर्यंत?"

"सभेपुढे ठेवावा लागेल."

"मग ठेव की. तू कोण ते झालायस ना तिथं?"

"कार्याध्यक्ष."

"तेच," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

पुढच्या रविवारी सभासदाने ठराव ठेवला. खजिनदारांनी बहिणीच्या तब्येतीसाठी पाठिंबा दिला, सचिवांनी आणि उपाध्यक्षांनी हात वर केले. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे यंत्र काढून ठेवलेलं होतं. चार हात वर गेलेले पाहून त्यांनी, कशासाठी ते न विचारता, पाचवा वर केला.